गायिका गायब, व्हायोलिनं हजर

गाणं सुरू झालं. आधी व्हायोलिनं, मग बासरीचा छोटासा तुकडा, आणि मग बरोब्बर जिथे ती गायला लागते तिथे कोणीच गायला लागलं नाही. मागची वाद्यं आपली इमानेइतबारे चाललेली. कान देऊन ऐकलं तर खूप लांबून, रिकाम्या हौदातून यावा तसा तिच्या आवाजाचा नुसता घुमारा. पुढचं गाणं लावलं, तिथेही तेच. त्याच्या पुढचं गाणं फार जुनं होतं. त्यात तर गायक नाही, वाद्यं नाहीत, काही म्हणजे काही नाही. पडद्यावरचे आकडे मात्र सरकतायत. ०:१४, ०:१५, ०:१६.

मी फिरायला निघाले होते. वाटेतच थांबून प्लेअर दोनदा बंद-चालू केला, इअरफोनची पिन काढून फुंकर मारली (कुठल्याही यंत्रावरचा आपला पहिला उपचार), पुन्हा घातली. बाई काही आल्या नाहीत. घरी येऊन मुलीच्या कानात इअरफोन घातला. तिने मिनिटभर ऐकलं आणि म्हणाली, "आई, हे कराओके झालंय. मस्त आहे, तू गा आता."

माझा प्लेअर काडेपेटीपेक्षा जरासा मोठा आहे. मागे चिमटा, पुढे अंगठ्याच्या नखाएवढा पडदा, खाली एक गोल बटण आणि बाजूला कार्ड घालायची फट. फोनवर सगळी गाणी ऐकता येतात हे मलाही ठाऊक आहे. नसतं तरी चाललं असतं, कारण आठवड्यातून एकदा कोणी ना कोणी ते सांगतंच. पण मी दिवसभर हिशेबाचं काम करते. आकडा जुळला नाही तर तो का जुळला नाही हे सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. फोनचं काही बिनसलं की त्याचं कारण कधीच हाती लागत नाही. बंद करून चालू करा, अपडेट करा, एवढंच. आपोआप बिघडतो, आपोआप सुधारतो, आणि दोन्ही वेळा मी बाहेरची. हा चिमुकला मात्र जेव्हा जेव्हा अडलाय तेव्हा त्याच्या अडण्याचा हिशेब लागलाय. कधी तीन दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी, पण लागलाय.

गायिकेचा हिशेब चौथ्या दिवशी लागला. तोवर मी प्लेअरलाच बोल लावत होते. गाणं चालू असताना चाळा म्हणून पिनच्या मुळाशी वायर अंगठ्याने जराशी वाकवली आणि ती एकदम आली. अंतऱ्याच्या मधोमध, चांगली खड्या आवाजात. दचकून अंगठा सोडला, गेली. दाबला, आली. पाच मिनिटं मी तोच खेळ खेळत बसले होते. म्हणजे प्लेअर बिचारा निर्दोष होता, इअरफोनची वायर आतून तुटलेली होती.

पण वायर तुटली तर एक कान बंद पडायला हवा ना? इथे दोन्ही कान चालू आणि बाई तेवढ्या गायब. हे कोडं सुटलं ते पिन उजेडात धरून नीट पाहिल्यावर. साध्या इअरफोनच्या पिनेवर दोन काळ्या कड्या असतात, त्यांनी तिचे तीन भाग पडतात. टोक डाव्या कानाचं, मधला पट्टा उजव्या कानाचा, आणि बुडाचा भाग दोघांचा सामायिक. दोन्ही कानांतून फिरून आलेला प्रवाह त्या सामायिक तारेने परत जातो. माझी नेमकी तीच तुटली होती. परतीची वाट बंद झाल्यावर प्रवाह एका कानातून शिरून दुसऱ्या कानातून बाहेर पडायला लागतो, आणि मग ऐकू येतो तो डाव्या-उजव्यातला नुसता फरक. डावीकडच्यातून उजवीकडचं वजा. गाण्याचा मुख्य आवाज मुद्रणात दोन्ही बाजूंना सारखाच ठेवतात, म्हणून तर तो आपल्याला डोक्याच्या मधोमध ऐकू येतो. सारख्यातून सारखं गेलं की शून्य. व्हायोलिनं एका अंगाला, बासरी दुसऱ्या अंगाला, म्हणून ती वाचली. घुमारा दोन्हीकडे थोडा वेगवेगळा पसरलेला असतो, म्हणून तोही उरला. आणि ते अगदी जुनं गाणं मोनो, डावं-उजवं अक्षरशः एकच. जमा तितकाच खर्च, शिल्लक निरंक!

असा स्वच्छ ताळेबंद ऑफिसात वर्षभरात एकदाही बघायला मिळत नाही.

मग नवीन पिन जोडायचा घाट घातला. ते काम दिसतं तितकं सोपं नाही. वायरीचं रबर सोललं की आत केसाइतक्या बारीक तारा निघतात, एक लाल, एक हिरवी आणि एक तांब्याच्या रंगाची. तो रंग म्हणजे तारेवरचा लेप असतो. तो जाळून टाकल्याशिवाय सोल्डर धरतच नाही, कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन घसरतं. हे मला अर्ध्या तासाने कळलं. नवरा चिमट्यात तार धरून उभा होता. "नवीन इअरफोन घेतला असता तर?" हा प्रश्न त्याने एकदाच विचारला, हे मी त्याच्या खाती जमा केलंय. शेवटी जमलं. फक्त लाल आणि हिरवीची अदलाबदल झाली. महिनाभर माझी व्हायोलिनं चुकीच्या कानात वाजत होती आणि मला पत्ता नव्हता. एका मैफिलीच्या रेकॉर्डिंगमध्ये तबला नेहमीच्या बाजूला सापडेना तेव्हा लक्षात आलं. पुन्हा उकलायचं धाडस झालं नाही. आता इअरफोनच उलटे घालते.

हा माझा दुसरा प्लेअर. पहिल्यात २ जीबी जागा होती, कार्डाची सोय नव्हती. आज २ जीबी म्हटल्यावर हसू येईल, पण १९९८ साली दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीने एमपीमॅन नावाचा प्लेअर आणला तेव्हा त्यात ३२ एमबी होती. १२८ केबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटांचं, गाणं मिनिटाला साधारण १ एमबी खातं. म्हणजे अर्ध्या तासात दुकान बंद. त्या मानाने २ जीबी म्हणजे तेहेतीस-चौतीस तास! मी हरखून गाणी भरायला बसले. नावं कशी सुबक दिली होती: गाण्याचे पहिले शब्द, गायिका, संगीतकार, साल. सगळं मराठीत, शुद्धलेखनासकट. कप्पे-बिप्पे केले नाहीत, सगळी गाणी उघड्यावरच ओतली.

९७ गाणी झाली आणि कॉम्प्युटर म्हणाला, जागा संपली.

मोकळी जागा बघितली तर जवळजवळ दीड जीबी शिल्लक. मी बेरीज तपासली. बरोबर. एक गाणं पुसून दुसरं टाकलं, गेलं. आणखी एक टाकलं, जागा नाही. पुसलेलं मोठं होतं की छोटं याने काही फरक पडत नव्हता. आणि मग एक गंमत दिसली. लांब नावाचं एक गाणं पुसलं की आखूड नावाची दोन जात होती!

उत्तर मिळायला बरेच आठवडे गेले, पण मिळालं तेव्हा मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आले. त्या प्लेअरची मेमरी फॅट-१६ नावाच्या जुन्या पद्धतीने मांडलेली होती. तीत सगळ्यात बाहेरच्या कप्प्याची यादी ठेवायला ठरावीक ओळींची एक वही असते, सहसा ५१२ ओळींची. वही भरली की आत कितीही जागा असो, नवी नोंद घेत नाहीत. बरं, एका फाइलला एक ओळ असंही नाही. जुन्या पद्धतीच्या आठ अक्षरी नावाला एक ओळ पुरते. लांब नाव असेल तर दर १३ अक्षरांमागे आणखी एक. आणि ‘अक्षर’ म्हणजे आपण म्हणतो ते नव्हे. काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी, जोडाक्षरातला पाय मोडला त्याचंही एक. ‘ज्ञ’ आपल्याला एक दिसतो, यंत्राच्या हिशेबी तीन. माझी नावं सरासरी चाळीसच्या आसपास. त्याच्या चार ओळी, वर मूळची एक, अशा पाच. ५१२ भागिले ५, शंभराच्या जरा वर. काही नावं त्याहून लांब होती म्हणून ९७ वर गाडी अडली.

म्हणजे मी शुद्धलेखन पाळलं म्हणून माझी गाणी मावली नाहीत. आतल्या कप्प्यांना ही ५१२ ची मर्यादा नसते. ‘गाणी’ नावाचा एक कप्पा केला, सगळं त्यात ढकललं, प्रश्न संपला.

त्याच प्लेअरवर एक मैफल उलटी वाजायची. आधी द्रुत, मग विलंबित, आलाप सर्वात शेवटी. कलाकार उठून गेल्यावर साथीदारांनी सूर लावावा तसा प्रकार. तो प्लेअर नावांकडे बघतच नसे, ज्या क्रमाने फाइली आत गेल्या त्या क्रमाने वाजवी. आणि कॉम्प्युटर एकगठ्ठा कॉपी करताना आपल्या मर्जीच्या क्रमाने पाठवी. ही यादी नावानुसार लावून देणारा फॅटसॉर्ट नावाचा छोटा प्रोग्राम आहे, त्याने काम झालं. शफलचं, म्हणजे गाणी वाटेल त्या क्रमाने वाजवायच्या सोयीचंही तसंच. बंद करून चालू केला की तोच क्रम, तिसरं गाणं हटकून तेच. प्लेअर गणिताने खोटे फासे टाकतो आणि ते गणित दर वेळी एकाच आकड्यापासून सुरू झालं तर फासे त्याच क्रमाने पडणार. त्यावर उपाय सापडला नाही. ते तिसरं गाणं आता मला सहन होत नाही.

आत्ताचा प्लेअर आला तेव्हा पडद्यावर मराठी दिसते की नुसते चौकोन, हे मी सर्वात आधी बघितलं. मराठी दिसली! फक्त अक्षरं जशी साठवलेली असतात तशीच हा एकामागून एक मांडतो. ह्रस्व वेलांटी साठवताना अक्षराच्या नंतर येते, दिसायला मात्र आधी हवी. ही उलटापालट करायचं त्याला कोणी शिकवलेलं नाही. त्यामुळे वेलांटी आपल्या अक्षराला सोडून शेजाऱ्याला जाऊन चिकटते. ‘दिवस’चा ‘दविस’. ‘शिखर’चं ‘शखिर’. आणि ‘मिलन’ शब्दाचं गाणं लावलं की पडद्यावर ठळक अक्षरात ‘मलिन’. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी फुटपाथवर एकटीच मोठ्याने हसले होते. सगळी नावं इंग्रजी लिपीत लिहून हा प्रश्न दहा मिनिटांत सुटतो, मला माहीत आहे. नाही सोडवला. दविस वाचायची सवय झाली आता.

रॉकबॉक्स नावाचं एक फुकट, सर्वांना खुलं असलेलं सॉफ्टवेअर आहे. २००१ च्या अखेरीस स्वीडनमधल्या काही मंडळींनी आर्कोस कंपनीच्या प्लेअरांसाठी ते लिहायला घेतलं, नंतर कितीतरी जुन्या प्लेअरांवर ते चालायला लागलं. त्यात खुणा ठेवता येतात, आवाजाची पातळी समान करता येते, दिसत नसलेल्यांसाठी ते यादी बोलूनही दाखवतं. माझ्या प्लेअरची चिप त्यांच्या यादीत नाही. ती यादी मी अधूनमधून उघडून बघते, लॉटरीचा निकाल बघावा तशी.

एक हिशेब मात्र माझ्या अंगावर आला. मोठं कार्ड घेतल्यावर मला साक्षात्कार झाला की आपण इतकी वर्षं निकृष्ट गाणी ऐकतोय. सगळ्या सीडी काढल्या आणि दोन महिने रात्री जागून फ्लॅक नावाच्या पद्धतीत पुन्हा भरल्या. सीडीवर सेकंदाला १४११ किलोबिट असतात. फ्लॅक त्यातलं काहीही न गमावता साधारण निम्म्यावर आणतं. माझी आधीची गाणी ज्या पद्धतीत होती ती एमपीथ्री जे टाकून देते ते मात्र कायमचं जातं. मोठ्या आवाजाच्या सावलीत जे बारीकसारीक आवाज माणसाला ऐकूच येत नाहीत तेवढेच टाकायचे, ही त्यामागची कल्पना. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि १४ जुलै १९९५ रोजी फाइलीचं ‘डॉट एमपीथ्री’ हे शेपूट ठरलं. आता या लोकांनी काय टाकलं ते मला ऐकू येणारच, अशी माझी खात्री.

मुलीने परीक्षा घेतली. मी डोळे मिटून बसायचं, तिने एकच तुकडा दोनदा लावायचा, कुठला फ्लॅक ते मी सांगायचं. वीस फेऱ्या. १२८ केबीपीएसच्या विरुद्ध माझे अठरा बरोबर आले, कारण तुकडा टाळांचा होता आणि टाळ एमपीथ्रीला पकडून देतात. ‘खण्ण’ व्हायच्या अगदी आधी एक बारीकशी ‘फस्’ ऐकू येते, वाजवणाऱ्याने आधी श्वास घ्यावा तशी. एकदा ती कानाला लागली की सुटत नाही. मग तिने १९२ लावलं. वीसातले अकरा. पुन्हा केलं, वीसातले नऊ.

"आई, दोन्ही मिळून चाळीसात वीस," ती म्हणाली, "नाणं उडवलं असतंस तरी एवढेच आले असते."

दोन महिन्यांची जागरणं, आणि ताळा असा. फ्लॅक पुसले नाहीत. कार्डात जागा आहे, असू देत.

गेल्या महिन्यात प्लेअरची पाठ उघडायला लागली. आधी वाटलं पडला असेल. पण फट रोज थोडी वाढत होती. सुरुवातीला कागद जाई, मग नख जायला लागलं. त्याच सुमारास बॅटरीचं चित्र तीन काड्यांवरून थेट शून्यावर उडी मारायला लागलं. लिथियमची बॅटरी जुनी झाली की आत वायू साठून फुगते. तिला टोचायचं नाही, दाबायचं नाही, चार्जिंगला तर मुळीच लावायचं नाही. प्लास्टिकच्या जुन्या पट्टीने हळूहळू सोडवून बाहेर काढली तर चांदीच्या रंगाची छोटी उशी दिसत होती. तिच्यावर सहा आकडे छापलेले होते, ४०२०३०. मला वाटलं कुठला तरी अनुक्रमांक. तो नुसता मोजमापाचा आकडा निघाला! जाडी ४.० मिलीमीटर, रुंदी २०, लांबी ३०. दडवादडवी नाही, गुप्त संकेत नाही, अंगावरच माप लिहिलेलं. असं लेबल लावणाऱ्याच्या मी पाया पडायला तयार आहे.

तेवढ्याच मापाची मिळाली नाही. मिळाली ती ५०२०३०, म्हणजे एक मिलीमीटर जास्त जाड. लाल तार लालला, काळी काळीला. या वेळी जोडायच्या आधी नवऱ्याने दोनदा आणि मी तीनदा तपासलं. बटण दाबलं. पडदा उजळला आणि जुनी बॅटरी ज्या तानेवर मान टाकून गेली होती तिथूनच, त्याच मैफिलीच्या सदतिसाव्या मिनिटापासून, तो पुढे वाजायला लागला.

पाठ मात्र आता बसत नाही. त्या एका मिलीमीटरचा ताळा कुठूनच लागत नाही, कारण डबीत एक मिलीमीटर नाहीच. सध्या रबरबँड लावलाय. तो नेमका पडद्यावरून आडवा जातो, त्यामुळे वेळेचे आकडे दिसतात पण गाण्याचं नाव अर्धं झाकलं जातं. मिलन आहे की मलिन, ते वाजल्यावर कळतं.